पान्या मुराळी

वाशीजवळच्या पावणे गावच्या हिरामणनं आयुष्यात एकच फोन चुकीचा केला, पण असा केला की त्याची बातमी मुरूडपर्यंत गेली.

आता फोन करणं ही काही चूक नव्हे. सत्त्याण्णव साल होतं, नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ उभे राहिले होते, आणि माणसं लग्न जमवण्यापासून मयत कळवण्यापर्यंत सगळं फोनवर उरकत होती. हिरामणला वाटलं, आपणही उरकावं. त्याची एकुलती एक लेक सुनयना काशीदच्या पुढे, सुरूच्या वाडीत दिली होती. तिला सातवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं यात तर काही बोलण्यासारखंच नव्हतं. वाडीत फोन एकच, किराणा दुकानातला. हिरामणनं तिथं फोन लावून निरोप ठेवला की रखमाबाईंना सांगा, पोरीला एसटीत बसवून द्या, पनवेल स्टँडवर मी उतरवून घेतो.

दुकानदारानं तो निरोप भर दुकानात, सगळ्यांच्या देखत सांगितला. चार बायका तेल-मीठ घ्यायला उभ्या होत्या आणि सुनयनाची सासू रखमाबाई त्यांच्यातच होती. तिनं हातातली तेलाची बाटली होती तशी फळीवर ठेवली आणि तेल न घेताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. जावई नंदकुमार मुरूडच्या डेपोत एसटीचा मेकॅनिक, अगदी गरीब गाय.

"मामा, आई बोलते, माजी सून काय पार्सल हाय का, एसटीत टाकायला? मुराली पाठवा. मुराली आल्याबिगर ती सोडनार नाय. मंग बालंतपन हितंच."

मुराळी म्हणजे सासरी असलेल्या पोरीला माहेरी न्यायला जो येतो तो. बहुतेक ठिकाणी ही रीत आता तोंडी लावण्यापुरती उरली आहे, पण त्या वाडीत ती जिवंत होती. मुराळी भाऊ हवा. सख्खा नसला तर चुलत चालतो, मामेभाऊही चालतो, पण हिरामणच्या बायकोला भाऊच नव्हता. हिरामणला पुतणे नव्हते असं नाही, चांगले सख्ख्या भावाचे दोन धट्टेकट्टे मुलगे होते, आणि तेही भिंतीपलीकडे. पण त्या भिंतीवरूनच सगळं बिनसलं होतं. भावानं गावठाणातलं आपल्या वाटणीचं घर पाडून स्लॅब टाकला, त्याच्या स्लॅबचं पाणी हिरामणच्या कौलांवर पडायला लागलं, बोलाचाली झाली, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांत एकमेकांच्या मयतालासुद्धा जायचं नाही असं ठरून गेलं. माणसं काय काय ठरवतात आणि मग त्याला धरून बसतात, त्याला काही अंत नाही.

हिरामणची बायको काशी तर नुसती जळफळत होती. "कोनी सांगितलेलं फोन कराला? जाऊन आनली असती तर काय बिघडलं असतं?"

यावर हिरामणकडे उत्तर होतं, पण मनातल्या मनात. त्याचा बाप मिठागरात राबला. हिरामणही पोरवयात गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा राहून मीठ ओढायचा, पायांना भेगा पडून त्यात मीठ जायचं. मग गावाभोवती कारखाने आले, मिठागरं गेली, आणि हिरामण एका कंपनीत गाडी चालवायला शिकला. पुढे स्वतःचा जुना मॅटाडोर घेतला. कधी रसायनाची पिंपं, कधी लोखंडी पत्रे, कधी वाशीच्या मार्केटमधून कांद्याच्या गोणी. टेम्पोवाल्याचा धर्म एकच: गाडी रिकामी पळवायची नाही. जाताना माल असेल तर येताना भाडं शोधायचं, नसेल तर जायचंच नाही. रिकामी खेप त्याच्या अंगावर काटा आणायची. एवढ्या लांब एक पोरगी आणायला अख्खा टेम्पो रिकामा न्यायचा, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. एसटी येतेच आहे पनवेलला, तर पोरगी तिच्यातून येऊ दे, इतका साधा हिशोब त्यानं केला. लेक म्हणजे माल नव्हे, हे काय त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. पण हाताला लागलेली सवय डोक्याला विचारून काम करत नाही.

आता मात्र तो घाबरला होता. काशीची आई पहिल्या बाळंतपणात गेलेली. सुनयनाचं बाळंतपण दवाखान्याजवळ, आपल्या डोळ्यांसमोर व्हावं म्हणून काशीनं आतली खोली सारवून, खाट टाकून, दोरीवर धुतलेली जुनी लुगडी घडी करून ठेवली होती. ती रिकामी खाट हिरामणला येता-जाता दिसायची.

"मीच जातो," तो एका सकाळी म्हणाला. "हात जोडतो विहीनबायला. आनखी काय करनार."

"एकटे जाऊ नका. पान्याला न्या," काशी म्हणाली.

पान्या म्हणजे त्यांचा कुत्रा. अंगानं मळकट पिवळा, एक कान उभा, एक पडलेला. पिल्लू असताना गॅरेजमधून दहा-अकराचा पाना तोंडात धरून पळाला, मेकॅनिक मागे आणि हा पुढे, तो थेट सुनयनाच्या फ्रॉकमागे येऊन लपला. तेव्हापासून नाव पान्या आणि मुक्काम इथंच. त्याच वर्षी भिंतीचं भांडण झालं होतं. भाऊबीजेला सुनयना ताट सजवून पाटासमोर बसली, दिवा लावला, पण चुलत भाऊ काही भिंतीपलीकडून आले नाहीत. ताटातला दिवा विझत आला तेव्हा तिनं डोळे पुसले, पान्याला उचलून पाटावर ठेवला आणि त्यालाच ओवाळला. मग दरवर्षी तोच पाट आणि तोच भाऊ. यंदा पोटुशी असताना प्रवास नको म्हणून दिवाळीला तिला आणलं नव्हतं, त्यामुळे पान्याची भाऊबीज हुकली होती.

"येडी झालीस काय," हिरामण म्हणाला. "मुराली मागितला तर कुत्रा घेऊन गेलो, असं होईल. चेष्टा केली बोलतील."

"मुराली म्हनून नका नेऊ. पोरीला बघू दे त्याला. आनि तुमाला वाटेत बोलायला कोनीतरी पायजे."

हे मात्र खरं होतं. टेम्पोत पान्या शेजारी नसला की हिरामणला गाडी चालवल्यासारखं वाटत नसे. त्यानं ठरवलं, कुत्र्याला न्यायचं, पण वाडीत टेम्पोतून खाली उतरवायचं नाही. कुणाला दिसताच कामा नये.

काशीनं करंज्यांचा डबा, ओटीचं सामान आणि मागं अंथरायला गादी दिली. पोटुशी पोर पुढं बसली तर बसली, नाहीतर मागं आडवी होईल. गादीखेरीज टेम्पोत काही नव्हतं. मागच्या रिकाम्या हौद्याचा खडखडाट ऐकू येत होता आणि बेलापूर ओलांडेपर्यंत तो हिरामणला बोचत राहिला. पनवेल गेलं, कर्नाळ्याची वळणं आली. पान्या खिडकीतून तोंड काढून बसला होता, पडलेला कान वाऱ्यानं मागे उलटून फडफडत होता. पेणला हिरामणनं चहा घेतला आणि बशीतला पान्याला दिला. वडखळहून अलिबागकडे वळल्यावर मात्र खडखडाटाचा त्रास कमी झाला, म्हणजे खडखडाट होताच, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरांत उभं पिवळं भात बघून त्याचं मन तिकडे लागलं. पावण्याला असं भात त्यानं लहानपणी बघितलं होतं. आता तिथं पत्र्याच्या शेडी होत्या, आणि खोटं कशाला बोला, त्या शेडींवरच त्याचं पोट चालत होतं.

अलिबाग, नागाव, चौल. नारळी-पोफळीच्या बागांतून जाणारा अरुंद रस्ता, समोरून एसटी आली की कडेला झाडाला खेटून उभं राहायचं. रेवदंड्याला पुलावर आला आणि खाली पाणी पसरलेलं दिसलं तेव्हा पान्या सीटवर उभा राहिला. कोर्लईपासून तर समुद्र रस्त्याला चिकटूनच चालला होता.

पान्या खाडीकाठचा कुत्रा. त्याला चिखल माहीत, खाजणातली तिवरं माहीत, ओहोटीला उघडी पडणारी काळी गाळवट माहीत. पण उठून अंगावर येणारं पाणी त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. काशीदला हिरामणनं टेम्पो सुरूच्या बनात थांबवला. कुत्र्यासाठी थांबवला असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर वाडी आता जवळ आली होती आणि विहिणीपुढे काय बोलायचं हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. पान्या लाटेवर धावून जायचा, लाट फुटून अंगावर आली की शेपूट घालून पळायचा, आणि पाणी मागे सरलं की आपणच त्याला हाकललं अशा ऐटीत भुंकायचा. हिरामण वाळूत बसला आणि बोलून बघू लागला. "विहीनबाय, माजं चुकलं." हे बरोबर वाटेना. "विहीनबाय, पोरीची आई वाट बघते." हे म्हणताना त्याला ती रिकामी खाट दिसायला लागली, म्हणजे हेही नको. इतकी वर्षं भाडी ठरवताना न अडखळलेला माणूस चार शब्दांना अडला होता. शेवटी तो उठला, फडक्यानं कुत्र्याचं अंग खसाखसा पुसलं आणि म्हणाला, "तू आवाज नको करू म्हंजे झालं."

वाडीच्या तोंडाशी विहीर आणि विहिरीपाशी उंडीचं मोठं झाड. त्याच्या सावलीत हिरामणनं टेम्पो लावला, काच थोडी खाली ठेवली, पान्याला सीटखाली बसवला आणि डबा घेऊन समोरच्या घराकडे निघाला.

रखमाबाई अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर हसू उसनं आणायची सवय नसलेली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वाडीतल्या पोफळींच्या जिवावर तिनं घर उभं केलं होतं. तिनं ओटीवर घोंगडी टाकली आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. हिरामणनं तांब्याला हात लावून नमस्कार केला. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्याच्या घराची रीत. घसा कोरडा पडला होता, पण रीत ती रीत.

"तुमी रीत पालता," रखमाबाई त्या तांब्याकडे बघत म्हणाली. "मंग आमची बी पाला की. मुराली कुटं हाय?"

हिरामणनं तयार केलेलं सगळं विसरून खरं ते सांगितलं. भावाशी बोलणं नाही, पुतणे येणार नाहीत, फोन करायला नको होता, चुकलं. "म्हनून मीच आलो. बाप हाय मी तिचा."

"बाप हाय तेच तर. बाप कवा येतो न्यायला, ठाव हाय? पोरीचा सासरी छल झाला, तिला हाकलून दिली, तवा बाप येतो. आमच्या वाडीत तशीच चाल हाय. आज तुमी हिला टेम्पोत घालून नेलीत की उद्या सगली वाडी बोलल, रखमानं गर्भार सून घरातनं काढली. मी आजपातूर तिला वाकडा शब्द बोलले असन तर इचारा."

हिरामणनं हातातला डबा ओटीवर ठेवला. बाईचं बोलणं खोटं असतं तर भांडता आलं असतं. पण ते खरं होतं, आणि त्याची बाजूही खरी होती, आणि अशा वेळी माणसानं करायचं काय हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पोरगी आता इथंच राहणार. काशीला जाऊन काय सांगायचं, त्या रिकाम्या खाटेचं काय करायचं, एवढंच त्याच्या मनात फिरू लागलं.

माजघराच्या दारात सुनयना उभी होती. पदर पोटावर ओढून घेतलेला, डोळे भरलेले. सासूसमोर मध्ये बोलायचं नाही म्हणून इतका वेळ ती दारालाच धरून होती. आता तिला राहवलं नाही.

"बाबा, आई बरी हाय ना?"

एवढंच ती बोलली. पण तेवढा आवाज उंडीखाली पोचला. टेम्पोतून आधी एक कण्हल्यासारखा आवाज आला, मग पंजे काचेवर घासल्याचा. हिरामणनं डोळे मिटून घेतले. अर्धवट काचेतून तो म्हातारा कुत्रा कसा बाहेर आला ते त्यालाच ठाऊक, पण अंगण तुडवत, वाळत घातलेल्या सुपाऱ्या दाही दिशांना उधळत तो आला आणि सुनयनाच्या पायांशी लोळण घेतली. मग उठला. उड्या मारायचा त्याचा जुना खोडसाळपणा, पण आज एकही उडी मारली नाही. तिच्या पोटाला नाक लावून हळूच हुंगलं आणि तिथंच तोंड टेकून उभा राहिला. सुनयना उंबऱ्यात खाली बसली, त्याच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्यानं रडू लागली.

"ह्यो कोन?" रखमाबाईनं विचारलं.

"पान्या," सुनयना म्हणाली, आणि हुंदका आवरून पुढं बोलली, "माजा भाऊ. मी भाऊबीजेला ह्यालाच ओवालते. लहानपनापासून. मना दुसरा कोनी नाय."

हिरामणला धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. तो हात जोडून म्हणाला, "विहीनबाय, देवाशपथ, चेष्टा कराला आनला नाय. टेम्पोत लपवला होता. आमच्या घरात खरंच दुसरं कोनी नाय."

रखमाबाईनं सुपाऱ्या गोळा करायला घेतल्या, चार-पाच उचलल्या, मग तशीच ओटीच्या पायरीवर बसली. तिची नजर त्या कुत्र्यावरच होती.

"मना बी भाऊ नव्हता," ती म्हणाली. "चार बालंतपनं ह्याच घरात झाली माजी. दोन पोरं गेली. दर खेपेला सासू बोलायची, तुजा मुराली आला तर जा, मी काय नको बोलत नाय. मी त्या उंडीखाली जाऊन बसायची. रस्त्यानं कोन येतंय बघत. कोन येनार हाय? पन बसायची." तिनं हातातल्या सुपाऱ्या खाली ठेवल्या. "म्हनून हट्ट धरला. बोलले, माज्या सुनेनं रस्त्याकडं बघावं आनि तिला न्यायला कोनीतरी यावं. तुमी फोन केलात. मना न्यायला कुत्रा बी आला नाय, हिरामनभाऊ."

हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

रखमाबाईच मग उठली. त्या दिवशीच्या दुकानातल्या बायका कुंपणापलीकडे काय चाललंय ते बघायला जमल्याच होत्या. त्यांच्याकडे बघून ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "या, अशा लांबून काय बघता? आमच्या सुनेचा मुराली आलाय पावन्याहून."

बायका आधी हसल्या. मग रखमाबाई हसत नाही हे बघून पदर सावरून आत आल्या. पाट मांडला गेला, त्याच्याभोवती रांगोळीची रेघ पडली. सुनयनानं हुकलेली भाऊबीज केली, पान्याच्या कपाळावर कुंकू लावलं, आणि तो सवयीनं मान खाली घालून अगदी शहाण्यासारखा बसला. त्याचं सवयीचं बसणं बघून त्या बायकांना पटलं की पोरगी खरं सांगते आहे. मुराळ्याला जेवू घातल्याशिवाय पोर उंबरा ओलांडत नाही, म्हणून काटे काढलेली सुरमई आणि तांदळाची भाकरी केळीच्या पानावर त्याच्यापुढे आली. बाप मात्र पाणीसुद्धा न पिता शेजारी बसून कुत्र्याचं जेवण बघत होता. इतका सुखी तो पोरीच्या लग्नातही नव्हता.

निघताना रखमाबाईनं सुनेची ओटी भरली आणि टेम्पोचं दार स्वतः उघडलं. सुनयना पुढे बसली, तिच्या पायाशी पान्या. रेवदंड्याच्या पुलापर्यंत पोचेतो दोघंही झोपून गेली. हिरामण खड्डा चुकवत, गिअर हळू टाकत पावण्याला आला तेव्हा काशी दारातच उभी होती.

पौषात सुनयना सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. नंदकुमार लेकीला बघून गेला, बारशाची तारीख ठरली, आणि काशी म्हणाली, "विहीनबायना फोन करा दुकानात. जावयासोबत एसटीनं येतील."

"नको," हिरामण म्हणाला. "मी आनतो जाऊन. नंदकुमारला सांगितलंय तसं." नेमकं जायच्या दिवशी अलिबागला टाकायच्या पिंपांचं भाडं आलं होतं, ते त्यानं दुसऱ्या टेम्पोवाल्याला दिलं. अख्खा मॅटाडोर रिकामा घेऊन तो भल्या पहाटे निघाला. हौदा खडखडत होता, आणि या वेळी तो त्याला बोचला नाही.

वाडीचं वळण घेतल्यावर त्याला विहीर दिसली आणि विहिरीपाशी उंडीचं झाड. झाडाखाली रखमाबाई उभी होती. नवं लुगडं, काखेत गाठोडं, आणि हातात पाण्याचा तांब्या, आजोबा झालेल्या व्याह्यासाठी. कधीपासून उभी होती कोण जाणे. ती रस्त्याकडेच बघत होती.

हिरामणनं दार उघडलं आणि पान्या खाली उतरला. हिरामणनं तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. रखमाबाईनं गाठोडं खाली ठेवलं, वाकून कुत्र्याचा पडलेला कान नीट केला आणि म्हणाली, "लय उशीर केलास रे."